छत्रीखालचा घेवडा

भर वैशाखात, दुपारी, गल्लीतलं कुत्रंसुद्धा गटाराच्या ओल्या कडेला अंग टाकून पडलेलं असताना, आमच्या शेजारच्या परसात एक साठीचा माणूस काळी छत्री उघडून उभा असायचा. यात नवल काही नाही. बऱ्हाणपूरच्या उन्हात छत्री लागतेच. नवल एवढंच, की छत्री त्या माणसाच्या डोक्यावर नसायची. ती असायची घेवड्याच्या वेलावर. माणूस स्वतः उन्हात.

डोक्यावर ओला पंचा, अंगात बंडी, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, आणि ताठ हातात धरलेली छत्री. हे आमचे नाना गार्ड.

नाना आयुष्यभर रेल्वेत गार्ड होते. भुसावळ ते इटारसी हा त्यांचा टापू. रिटायर झाल्यावर माणसं पोथी वाचतात, नाहीतर दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जुळवतात. नानांनी रेल्वेच सोडली नाही. शिट्टी, दोन झेंड्या आणि खिशातलं पितळी घड्याळ घेऊन ते सिंधीपुऱ्यातल्या आपल्या घरी आले आणि परसातच लाईन सुरू केली.

म्हणजे काय, ते सांगतो. परसात भाजीपाला होता. त्याला पाणी द्यायच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि त्या वेळेला शिट्टी वाजायची. सकाळच्या शिट्टीला आमची आई चहाचं आधण ठेवायची. ज्या वाफ्यात कोणी पाय ठेवायचा नाही, तिथे लाल झेंडी. ज्या भाजीचा तोडा तयार, तिथे हिरवी. गवारीला किडा लागला तर नाना म्हणायचे, "रुळाखाली काहीतरी आहे." वांग्याला कळी आली तर, "सिग्नल पडला." आणि कुठलंही काम अडलं, पत्र आलं नाही, पाऊस लांबला, की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गाडी लेट असते, रद्द नसते."

मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन तहसील कचेरीत लागलो होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. मी ते कधी लपवलं नाही, आणि बी.ए.सुद्धा लपवलं नाही. दारावरच्या पाटीवर नावापुढची ती दोन अक्षरं मी स्वतः रंगवली होती, नावापेक्षा थोडी मोठी. आमची वरची खोली नानांच्या परसावर उघडायची, त्यामुळे पुढचं सगळं मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

नवं राज्य झालं, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. आजवर आमच्या गावाचं तोंड नागपूरकडे होतं, ते एका दिवसात भोपाळकडे वळलं. कचेरीत जुने शिक्के कपाटात गेले, नवे आले. आमचे हेडक्लार्क मराठीत शिंकायचे आणि हिंदीत माफी मागायचे. नानांना यातलं काही फारसं वाटलं नाही. ते म्हणाले, "जंक्शन बदललं. गाव जागेवरच आहे."

पण जंक्शन बदललं त्याचा एक धक्का त्यांच्या घराला बसला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता नागपूरला सरकारी नोकरीत होता. त्याचं ऑफिसच उचलून भोपाळला नेलं. तिथे घरं कुठे होती? एका बराकीत चार कारकून आणि पाचवा स्टोव्ह, असा त्याचा संसार. त्यातच माघात त्याचं लग्न झालं. मुलगी वाईकडची, नाव शालिनी. लग्नाची हळद उतरायच्या आत वसंता भोपाळला परत गेला, आणि क्वार्टर मिळेपर्यंत नवी सून सासऱ्याजवळ राहिली.

नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे घरात माणसं दोन. सासरा बाहेरच्या खोलीत, सून आत. नाना आत जायच्या आधी इतक्या वेळा खाकरायचे की आमच्या आईला वाटायचं त्यांना डांग्या खोकला झाला.

आता घेवड्याकडे येतो.

लग्न वाईकडे लागलं होतं, आणि जेवणाच्या पंगतीत व्याही तात्यांनी नानांना आपल्या परसातली घेवड्याची भाजी आग्रहाने वाढली होती. वाढता वाढता तात्या म्हणाले, "पोर आमची हिरव्यात वाढलीय हो. तुमच्याकडे उन्हाळ्यात ऊन सोडून काय पिकतं?" बोलणं थट्टेचंच होतं. पंगत हसली. नाना हसले नाहीत. ही गोष्ट लग्नाला गेलेल्या माणसांनी आमच्या गल्लीत आणून सोडली, आणि म्हणून पाडवा झाल्यावर नानांनी परसात घेवडा लावायला काढला तेव्हा सगळ्यांना कारण आपोआप कळलं. व्याह्याचं बोलणं नानांना लागलं होतं.

इतवाऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी कडूबाई रोज सकाळी आमच्या गल्लीतून टोपली घेऊन जायची. तिने नाना काय पेरताहेत ते पाहिलं आणि टोपली खाली उतरवली.

"नाना, घेवडा? अभी?"

"आत्ताच."

"त्याच्या नावातच श्रावण आहे ना बाबा. श्रावणघेवडा. वैशाखात तो फूल देईल, शेंग नाही देणार. गरम हवा लागली की फूल झडतं. गवार लावा, चवळी लावा, ती उन्हाला ऐकत नाही."

"नावात असून काय होतं? मला सगळं गाव नाना म्हणतं, म्हणजे हिंदीत आजोबा. आहे का मला नातू?"

कडूबाई कंबरेवर हात ठेवून हसली. मग दोघांची पैज लागली. पाऊस पडायच्या आत नानांच्या घेवड्याला शेंग धरली, तर कडूबाई परसात येऊन वेलाला हात जोडणार. नाही धरली, तर नानांनी तिची भाजीची टोपली डोक्यावर घेऊन सबंध इतवारा फिरायचं, आणि तेसुद्धा ओरडत. गल्लीने साक्ष दिली. त्या दिवसापासून गल्लीचं अर्धं लक्ष नानांच्या घेवड्याकडे आणि अर्धं नानांच्या डोक्याकडे लागलं.

नानांनी तीन गाड्या सोडल्या. पहिला बुटका घेवडा. त्याचं बी त्यांनी शेतकी खात्याच्या माणसाकडून मिळवलं. झुडूप गुडघ्याएवढंच होतं आणि फुलं लवकर येतात, म्हणून त्याचं नाव मेल. दुसरा वेलाचा घेवडा. तो उंच चढतो, सावकाश फुलतो, म्हणून पॅसेंजर. आणि तिसरी चवळी, कडूबाईच्या शब्दाला मान म्हणून. ती मालगाडी. मालगाडीकडे नाना ढुंकूनही बघत नसत आणि ती जोरात वाढत होती.

मेल रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत, लिंबाच्या झाडाखाली. पॅसेंजर मात्र त्यांनी भलत्याच जागी लावली. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीखाली, जिथे दुपारचं ऊन थेट येऊन पडतं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवले, वरून सुतळीची जाळी ओढली.

मी शेतकीचा बी.ए. नसलो तरी छापील कागद वाचतो. मी खिडकीतून म्हटलं, "नाना, उन्हाळी घेवडा लावायचाच तर बुटका बरा. लवकर येतो, सावलीत ठेवता येतो. वेलाच्याला त्या भिंतीशी भाजून काढताय तुम्ही."

नाना वर न बघता म्हणाले, "पॅसेंजरच चालवायचीय मला त्या लाईनवर."

"पण कारण काय?"

"स्टेशनं जास्त असतात."

मी खिडकी लावून घेतली.

मेलचा अपघात झाला त्याला कारण आमची बकरी. आमच्या आईने चंद्री नावाची एक बकरी पाळली होती. चंद्रीला दावं मान्य नव्हतं. एका सकाळी ती नानांच्या परसात गेली आणि रॉकेलच्या सगळ्या डब्यांतली मेल, कळ्यांसकट, खाऊन आली. नाना आमच्याकडे आले ते थेट चौकशीला. पायरीवर बसले, घड्याळ काढलं, आणि आईला विचारलं की बकरी घरून किती वाजता सुटली, कोणत्या बाजूने गेली, आणि त्या वेळी फाटक उघडं होतं की बंद.

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नाना, बकरी आहे ती. तिले काय समजते, मेल कोनती अन् पॅसेंजर कोनती?"

"तेच लिहितो मग," नाना म्हणाले, जरी त्यांच्या हातात कागद नव्हता. "जनावर रुळावर आल्यामुळे अपघात. कोणाचाही दोष नाही." आणि जाताना त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या गळ्यात लाल झेंडीच्या कापडाची पट्टी बांधली, म्हणजे ती येताना लांबूनच दिसेल.

आता राहिली पॅसेंजर. तिच्यासाठी नानांनी काय केलं नाही? मुळाशी केळीची सुकी पानं अंथरली. भिंतीला ओलं पोतं टांगलं. दुपारी ऊन खिडकीवर आलं की छत्री. जी माणसं नानांना वीस वर्षं ओळखत होती ती म्हणू लागली की रेल्वेचा भोंगा डोक्यात गेला. कारण छत्री धरून नाना नुसते उभे राहत नसत. ते वेलाशी बोलत.

"बाई, पाणी प्यालीस का?"

हे ठीक होतं. झाडाशी बोलणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पण नानांचं बोलणं तिथे थांबायचं नाही.

"बाई, आज भोपाळहून काही आलं नाही. टपालवाला इतवाऱ्यापर्यंत येऊन गेला. गाडी लेट असते, रद्द नसते."

"बाई, मी आज लालबागेत स्टेशनावर जाऊन येतो. जुने लोक भेटतील. जेवायला उशीर होईल, थांबू नये कोणी."

एकदा तर म्हणाले, "बाई, मीठ जरा कमी चालेल."

हे मी कचेरीत सांगितलं तेव्हा लोक फार हसले. मी मात्र नानांची बाजू घेतली. मी म्हटलं, मिठाने जमीन खारते, ते खताबद्दल बोलत असणार. बी.ए. झालेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा खुलासा करता आलाच पाहिजे, असं मला त्या काळी वाटत असे.

आणखी एक. नानांचं बोलून झालं की थोड्या वेळाने खिडकीच्या कट्ट्यावर एक तांब्या दिसायचा. त्यात तांदळाचं धुवण. नाना ते मुळाशी ओतायचे आणि रिकामा तांब्या परत कट्ट्यावर ठेवायचे. कधी तांब्याऐवजी ताकाचा पेला असायचा. तो मात्र वेलाला न घालता नाना स्वतः प्यायचे. मला वाटलं, विसरत असतील.

ज्येष्ठ लागला तशी पॅसेंजर फुलली. पांढरी, बारीक, गुच्छागुच्छाची फुलं. सबंध गल्ली पाहून गेली. नानांनी बांबूवर हिरवी झेंडी लावली. दुसऱ्या दिवशी गरम वारा सुटला आणि संध्याकाळी खिडकीखाली फुलांचा सडा. देठ रिकामे. कडूबाई दारावरून जाताना थांबली, पाहिलं, आणि तिने आपली डोक्यावरची चुंबळ काढून नानांपुढे धरली. टोपली घेताना लागेल म्हणून.

"आउटर सिग्नलला उभी आहे," नाना म्हणाले. "प्लॅटफॉर्मला लागायचीय अजून."

"बाबा, गाडीतली माणसंच उतरून गेली."

नानांनी झेंडी काढून ठेवली. पण छत्री काढली नाही.

त्याच सुमाराला बातमी आली की व्याही तात्या येताहेत. नुसते भेटायला नाही. भोपाळला क्वार्टरचं काही खरं दिसत नाही, मुलगी परक्या गावात एकटी, घरात सासू नाही, तेव्हा सोय होईपर्यंत तिला वाईला घेऊन जावं, असं त्यांच्या घरी ठरलं होतं. हे आईने मला सांगितलं. आईला शालिनीने सांगितलं होतं, विहिरीवर. "रडली का?" मी विचारलं. आई म्हणाली, "नाही. पन हसलीही नाही."

त्या दिवशी मी पहिल्यांदा नानांना गंभीर पाहिलं. पायरीवर आले, घड्याळ काढलं, न बघताच परत खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "बी.ए., व्याही यायच्या आत एक भाजीपुरती तरी शेंग लागली पाहिजे."

ते मला बी.ए. अशीच हाक मारत. मला आवडायचं.

मी म्हटलं, "नाना, त्यांच्या एका शब्दासाठी इतकं का लावून घेता? चवळीची भाजी करा. भरघोस आलीय."

"चवळी नाही चालायची," नाना म्हणाले. "घेवडाच लागेल."

मला वाटलं, कसला हा हट्ट. मनात म्हटलं, म्हातारा व्याह्याचं नाक कापायला निघालाय, आणि कापलं जाणार याचंच.

पण वेलाच्या घेवड्याची एक गंमत असते, ती त्या उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांनाच नवीन होती, नानांनाही. बुटका एकदा फुलतो आणि संपतो. वेल वर चढत राहतो आणि फुलत राहतो. खालची फुलं झडली, तोवर वर नवी आली. तीही झडली, आणखी वर आली. आता जाळी खिडकीच्याही वर गेली होती. आणि एका संध्याकाळी तापीकडून ढग आले. पाऊस नाही, नुसती सावली आणि थोडा गार वारा. असे चारदोन दिवस गेले. एका सकाळी वेळ नसताना नानांची शिट्टी वाजली. लांब, न थांबता. आईने आधण ठेवलं, मग तिच्या लक्षात आलं की चहा तर झालाय.

मी खिडकीत धावलो. नाना स्टुलावर उभे होते आणि वेलाच्या अगदी टोकाला, पानांआड, दोन बोटांत काहीतरी धरून होते. सुईएवढी, हिरवी, किंचित वाकलेली शेंग.

कडूबाई आली. पैज म्हणजे पैज. तिने टोपली भिंतीशी उतरवली, पदर सारखा केला आणि वेलाला हात जोडले. मग नानांकडे वळून म्हणाली, "आता तुम्हीही जोडा." नानांनी जोडले. त्यांनी मात्र वेलापेक्षा थोडं खाली, खिडकीकडे बघत जोडले. मी म्हटलं, नजर गेली असेल.

तात्या आले तेव्हा एका भाजीपुरती शेंग झाली होती. पातेलंभर नाही, पण झाली होती. नानांनी पाहुण्यांसाठी मावा-जिलेबी आणली आणि मलाही जेवायला बोलावलं. "तुम्ही सुशिक्षित आहात," म्हणाले, "व्याह्यांशी बोलायला कोणीतरी पाहिजे." मी धुतलेला सदरा घालून गेलो.

पानं स्वयंपाकघरातच मांडली होती. नानांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच जात होतो. आमच्या घरी त्या वेळेला चुलीजवळ बसवत नसे. पश्चिमेचं ऊन असं आत यायचं की भांडी तापायची. इथे पाय ठेवला आणि मी थबकलोच. थंड होतं. खिडकीच्या जागी सगळी हिरवी पानं. चुलीवर, पाटावर, शालिनीच्या पाठीवर पानांच्या हलत्या सावल्या. ज्या जागी ती भाकरी करायला बसत असणार, नेमकी त्या जागेवर सावली सगळ्यात दाट होती.

वेल कुठे लावावा याबद्दल मी नानांशी खिडकीतून घातलेला वाद मला आठवला. मी पाटावर बसलो.

भाजी वाढली. शालिनीने ती वाईच्या पद्धतीने केली होती, वरून ओलं खोबरं. तात्यांनी एक घास घेतला आणि हात थांबवला.

"हा घेवडा कुठला?"

"परसातला," नाना म्हणाले.

"ते झालं हो. बी कुठलं? ही शेंग आमच्याकडची दिसते. अशी बाक घेतलेली."

नाना जिलेबीच्या ताटाकडे बघत राहिले. शालिनी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आईनं माझ्या ट्रंकेत पुरचुंडी दिली होती. परसात लाव, घरच्यासारखं वाटेल म्हणून. मी इथल्या फळीवर ठेवून दिली होती. उन्हाळा होता ना." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एक दिवस फळीवर नव्हती."

तात्यांनी भाजी परत मागून घेतली. पंगतीतली ती थट्टा ना त्यांनी काढली ना नानांनी. जेवण झाल्यावर त्यांनी सुपारी कातरत विषयाला हात घातला. संध्याकाळची गाडी आहे, मुलीचं सामान थोडंच आहे, वगैरे. नाना म्हणाले, "बरोबर आहे. आपली मुलगी, आपण न्यावी." आणि घड्याळ बघून उठले. "माझी वेळ झाली. ऊन आलं."

छत्री घेऊन ते परसात गेले. तात्या आणि मी आतच बसलो होतो. शालिनी खिडकीशी ताटं आवरत होती. बाहेर छत्री उघडल्याचा आवाज आला आणि आतली सावली एकदम आणखी दाट झाली. मग नानांचा आवाज.

"बाई."

हा आवाज मी उन्हाळाभर वरच्या खिडकीतून ऐकला होता. खालून, चुलीजवळून, तो वेगळाच ऐकू येत होता. तो वेलाला लागून पुढे आत येत होता. जिथे शालिनी उभी होती, तिथे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. मध्ये सासू लागते, निदान नणंद तरी. नानांच्या घरात मधलं कोणीच नव्हतं. पाणी प्यालीस का, पत्र आलं नाही, जेवायला थांबू नकोस, मीठ कमी चालेल. उन्हाळाभर आम्ही ज्याला हसलो ते सगळं या खिडकीतून आत जात होतं, आणि कट्ट्यावरचा तांब्या हे त्याचं उत्तर होतं.

"बाई," नाना बाहेरून म्हणाले, जरा मोठ्याने, "तुझ्या गाडीला लाईन क्लियर आहे. इथून कोणी लाल झेंडी दाखवणार नाही. मनात असेल तर खुशाल जावं. घर आहेच इथे."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

मला वाटलं, आता तांब्या ठेवला जाईल. शालिनीने तो उचललाही. पण कट्ट्यावर ठेवला नाही. हातातच धरून ती पानांच्या त्या पडद्याजवळ गेली आणि म्हणाली,

"मामंजी, वरच्या फांदीला आत्ता कुठे फुलं धरलीत. भरल्या गाडीतून गार्डाला मध्येच उतरता येतं का?"

बाहेर छत्रीची सावली खिडकीच्या आणखी जवळ सरकली.

मग नाना म्हणाले, "नाही. नाही उतरता येत." आणि घसा खाकरून, "शेवटच्या स्टेशनापर्यंत थांबावं लागतं."

"मग मी थांबते," शालिनी म्हणाली, आणि वळून वडिलांना म्हणाली, "तात्या, तुम्ही आलात ते बरं केलंत. जाताना आईला शेंगा घेऊन जा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. व्याह्यांशी बोलायला मला बोलावलं होतं. मी त्यांना जिलेबी दिली.

तात्या संध्याकाळच्या गाडीने एकटेच गेले. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मूठभर शेंगा होत्या. स्टेशनवर नाना त्यांना पोचवायला गेले आणि गाडी हलली तेव्हा जुन्या सवयीने त्यांचा हात वर गेला. त्यात हिरवी झेंडी होती. घरून आणली होती.

वसंताला क्वार्टर मिळायला पुढे खूप वेळ लागला. तोवर परसातली लाईन चालू राहिली. श्रावणात घेवडा इतका लागला की कडूबाईच्या टोपलीतही गेला. ती आता गल्लीत ओरडायची, "नानांचा घेवडा," आणि आमच्या दारावरून जाताना चंद्रीच्या गळ्यातली पट्टी बघून डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी धरायची.

नाना मात्र दुपारी वेलाशीच बोलत. सुनेशी समोरासमोर बोलायला त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. "बाई, आज पत्र आलं," ते छत्रीखाली सांगायचे, आणि मी वरच्या खिडकीत माझं पुस्तक मिटून ठेवायचो. कारण आता वेल उत्तर देत असे. "वाचून दाखवा ना, मामंजी."

मग नाना छत्री मानेत धरून, चष्मा लावून, स्वतःच्या मुलाचं पत्र घेवड्याला वाचून दाखवायचे.